बिलाल यांना ‘सय्यद’ म्हणण्याचा अर्थ

आपल्या समाजात मुलाचे नाव बिलाल ठेवताना कोणी क्षणभरही थांबत नाही. घरातली वडीलधारी माणसे जी पाच-सहा नावे सुचवतात, त्यांत ते असतेच. मशिदींना, मदरशांना, वसतिगृहांना आणि तरुणांच्या मंडळांनाही हे नाव दिलेले आढळते. सीरतच्या जलशात वक्त्याला इस्लाममधील समता समजावून सांगायची असली, की पहिले उदाहरण हजरत बिलाल (रजि.) यांचेच येते. एका हबशी गुलामाने काबागृहाच्या छतावर उभे राहून अजान दिली, हे वाक्य आले की सभेतून ‘सुभानअल्लाह’चा आवाज उठतो. त्या वाक्यात खोटे काहीच नाही. प्रश्न वेगळा आहे. हे वाक्य ऐकून घरी परतणाऱ्या माणसावर त्याने काही बंधन येते की नाही?

समजा, हजरत बिलाल यांच्या आईच्या मुलुखातला एखादा तरुण शिकण्यासाठी पुण्यात आला. जुम्म्याच्या नमाजला तो आपल्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. नमाजनंतर त्याने आपल्याच मोहल्ल्यात भाड्याची खोली मागितली, तर आपण काय उत्तर देऊ? किंवा चांगली नोकरी करणाऱ्या, दीनदार अशा एखाद्या सिद्दी तरुणाचा पैगाम आपल्या मुलीसाठी आला, तर घरात कोणते शब्द उच्चारले जातील? नावाचा गौरव आणि त्या नावाच्या माणसांशी वागणूक यांच्यामध्ये जे अंतर पडते, त्याचा विचार या लेखात करायचा आहे.

गौरवाचे दोन प्रकार मला दिसतात. एका प्रकारात आपण दुसऱ्याचे मोठेपण सांगतो आणि त्याच्या उजेडात स्वतःच उजळून निघतो. ‘बघा, आमच्यात असा माणूस होऊन गेला’ हा त्याचा सूर असतो. दुसऱ्या प्रकारात आपण कबूल करतो, की या माणसाचे आपण काही देणे लागतो आणि ते अजून फिटलेले नाही. पहिल्या प्रकाराला काही खर्च येत नाही. दुसऱ्याला येतो. इतिहासातील थोर कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचा आपण जो गौरव करतो, तो बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळात मात्र तो दुसऱ्या प्रकारचा होता. हजरत बिलाल मक्केत जन्मले. त्यांची आई हमामा ही हबशी गुलाम स्त्री. बनू जुमह घराण्यातला उमय्या बिन खलफ हा त्यांचा मालक. इस्लाम स्वीकारल्यावर उमय्याने त्यांना भर दुपारी तापलेल्या वाळूत निजवून छातीवर दगड ठेवला आणि तरीही ते ‘अहद, अहद’ म्हणत राहिले, हे आपल्याला तोंडपाठ आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले. पुढे मदिनेत अजानची सुरुवात झाली तेव्हा ते काम त्यांच्याकडे आले, आणि हिजरी ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० मध्ये, मक्का हाती आल्यावर काबागृहाच्या छतावरून त्यांनीच अजान दिली.

हा शेवटचा प्रसंग आपण समतेचे सुंदर चित्र म्हणून पाहतो. त्या दिवशी मात्र तो अनेकांना झोंबला होता. हे पाहायला आपले वडील उरले नाहीत हे बरेच झाले, अशा अर्थाचे उद्गार कुरैशमधल्या काही प्रतिष्ठितांनी काढल्याचे सीरत-ग्रंथ सांगतात. नुकतीच शरण आलेली ही बडी मंडळी दुखावली जाऊ नयेत, त्यांचे मन सांभाळून घ्यावे, असा व्यवहारी विचार त्या दिवशी सहज करता आला असता. तो केला गेला नाही. हजरत बिलाल यांची नुसती स्तुती झाली नाही, त्यांना काम दिले गेले. सगळ्या वस्तीने ज्याच्या आवाजावर उठायचे आणि ज्याच्या आवाजावर हातातले काम बाजूला ठेवायचे, असे ते काम होते.

आणि हे केवळ कुरैशच्या सरदारांपुरते नव्हते. हजरत अबू जर गिफारी (रजि.) हे साधेपणासाठी आणि सत्यवचनासाठी प्रसिद्ध असलेले सहाबी. त्यांनी एकदा भांडणाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. हदीसचे भाष्यकार सांगतात, की तो माणूस म्हणजे हजरत बिलाल. पैगंबरांनी अबू जर यांना स्पष्ट सुनावले, की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. इतक्या जवळच्या, इतक्या निष्ठावान माणसाच्या मनातही काळ्या आईवरून टोमणा मारण्याची जागा उरली होती, हे हदीसने लपवलेले नाही. मग आपल्या मनात ती उरलेलीच नाही असे आपण कशाच्या आधारावर मानतो?

उम्मे ऐमन यांचे उदाहरणही असेच आहे. बरका हे त्यांचे नाव. त्या हबशी होत्या. आईच्या मृत्यूनंतर लहानग्या मुहम्मद (स.) यांचा सांभाळ करणाऱ्या त्या स्त्रीला पैगंबर आयुष्यभर आईच्या ठिकाणी मानत. त्यांचा मुलगा उसामा. पैगंबरांनी अखेरच्या दिवसांत, हिजरी ११ मध्ये, विशीही न गाठलेल्या या तरुणाला फौजेचा सेनापती नेमले आणि त्याच्या हाताखाली वयाने व मानाने कितीतरी मोठी माणसे दिली. कुरकुर झाली. नेमणूक बदलली नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ. हजरत उमर (रजि.) हे हजरत अबू बक्र यांना आपले ‘सय्यद’ म्हणत, आणि अबू बक्र यांनी ज्यांना मुक्त केले त्या बिलाल यांनाही ते त्याच शब्दाने संबोधत. सहीह बुखारीत ही नोंद आहे. सय्यद म्हणजे स्वामी, सरदार, धनी. कुरैशमधला एक प्रमुख पुरुष, पुढे खलिफा झालेला माणूस, कालच्या हबशी गुलामाला ‘आमचा सरदार’ म्हणतो. तोच शब्द आपल्याकडे पुढे घराण्याचे नाव झाला. पैगंबरांच्या कुटुंबाविषयी प्रेम आणि आदर असणे वेगळे. त्या प्रेमाला कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. पण शेख, सय्यद, मुघल, पठाण ही उतरंड उभी राहिली आणि तिच्या खाली बागवान, तांबोळी, पिंजारी, कुरेशी, फकीर, छप्परबंद यांना बसवले गेले, तेव्हा उमर यांच्या तोंडी असलेल्या शब्दाचा अर्थ पुरता उलटा झाला. त्यांच्याकडे सय्यद होणे हे माणसाच्या कर्तृत्वाने होते. आपल्याकडे ते जन्माने ठरते.

इथे कोणी म्हणेल, की हा दोष भारतातल्या जातिव्यवस्थेचा आहे, तो इथल्या मातीतून आपल्याला चिकटला. त्यात तथ्य आहे. पण सगळे तथ्य त्यात नाही. इराकमधल्या बसरा शहराचा इतिहास पाहा. अल-जाहिझ हे अरबी गद्याचे मोठे लेखक याच शहरातले. नवव्या शतकात त्यांनी काळ्या लोकांच्या थोरवीवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. लुकमान, बिलाल अशी नावे सांगत त्यांनी कृष्णवर्णीयांच्या बाजूने युक्तिवाद केला. इतक्या जुन्या काळी असे लेखन झाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावा. पण त्याच बसऱ्याच्या आसपासच्या दलदलीत पूर्व आफ्रिकेतून आणलेले हजारो गुलाम, ज्यांना अरबीत ‘झंज’ म्हणत, जमिनीवरचा क्षारांचा थर खरवडून काढण्याचे काम करत होते. मालकांना शेतीसाठी जमीन मोकळी करून देण्याचे ते काम होते. जाहिझ यांचा मृत्यू ८६८-६९ च्या सुमाराचा. त्याच ८६९ मध्ये या गुलामांनी बंड केले आणि अब्बासी खिलाफतीला ते मोडायला ८८३ पर्यंत चौदा वर्षे लागली. त्या बंडात अत्याचार झाले. बंडखोरांनी स्वतःही माणसांना गुलाम केले. त्याचे गोडवे गाण्याची गरज नाही. पण एकाच शहरात काळ्यांची थोरवी सांगणारे पुस्तक वाचले जात होते आणि शहराबाहेर काळ्यांच्या हातात फावडी होती, हे विसरता येत नाही. त्या पुस्तकाने दलदलीतल्या एकाही माणसाचे फावडे खाली ठेवले गेले नाही.

हबशी माणसाच्या कर्तृत्वाचे आपल्या मातीतले सर्वांत मोठे नाव मलिक अंबरचे. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच विकला गेला. बाजारामागून बाजार आणि मालकामागून मालक पाहत तो बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही एके काळचा हबशी गुलाम. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला आणि निजामशाही बुडाली असे सगळ्यांना वाटले, तेव्हा त्याने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षे मुघलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. गनिमी काव्याची लढाई त्याने मराठा सरदारांना सोबत घेऊन केली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जमीन महसुलाची त्याने बसवलेली घडी त्याच्या पश्चातही नावाजली गेली. खडकी या गावी त्याने शहर वसवले, डोंगरातले पाणी जमिनीखालून नहरीने शहरात आणले. हेच गाव पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे.

त्याचा शत्रू जहांगीर याने चित्रकार अबुल हसनकडून १६१६ च्या सुमारास एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. आपल्या आत्मकथनात जहांगीर अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून शिवी दिल्यासारखाच करतो. पण अंबरच्या मृत्यूनंतर जहांगीरच्याच दरबारातला इतिहासकार मुतमदखान याने त्याची मनापासून स्तुती केली. युद्धात, शासनात, विवेकात त्याला तोड नव्हती असे सांगून तो पुढे अशा अर्थाचे लिहितो, की हबशी गुलाम एवढ्या योग्यतेला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही.

जहांगीरच्या शिवीपेक्षा ही स्तुती अधिक विचार करायला लावते. एक तर ती खरी नाही. ज्याने अंबरला विकत घेतले तो चंगेजखान हबशीच होता. बंगालमध्ये १४८७ ते १४९३ या काळात हबशी सुलतानांनी राज्य केले होते. कोकणात जंजिऱ्याचे सिद्दी अंबरच्या काळातही होते आणि त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. पण चूक माहितीची असती तर ती दुरुस्त करून पुढे जाता आले असते. त्या स्तुतीच्या पोटात एक गृहीत दडले आहे. हा माणूस थोर आहे, कारण तो आपल्या जातकुळीसारखा नाही, असे ती सांगते. एकाला उचलून धरताना ती बाकीच्यांना आणखी खाली ढकलते. ‘तुम्ही मुसलमान वाटत नाही हो, किती सुधारलेले आहात’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. बोलणाऱ्याला ती प्रशंसाच वाटत असते. ऐकणाऱ्याला त्यातला डंख कळतो. मुतमदखानाच्या स्तुतीतला डंखही आपल्याला म्हणूनच ओळखता यायला हवा.

याच गृहीताचे एक रूप आपल्या अभिमानातही आहे. युरोप-अमेरिकेत गुलाम पिढ्यान्‌पिढ्या गुलामच राहिला, आमच्याकडे मात्र गुलाम वजीर झाला, सेनापती झाला, सुलतान झाला, असे आपण सांगतो. फरक होता, हे खरे. पण शिडीची उंची वर चढलेल्या एकावरून मोजायची की तळाशी राहिलेल्या हजारांवरून? अंबर ज्या जहाजांतून आणि ज्या बाजारांतून आला, त्यांतून आलेल्या बाकीच्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आणि स्वतः अंबरच्या फौजेतही हबशी गुलाम शिपाई होते. बाजारात विकल्या गेलेल्या माणसाने सत्ता हाती आल्यावर तो बाजार बंद केला नाही. हे सांगितल्याने अंबरचे मोठेपण कमी होत नाही. उलट तो दगडी पुतळा न राहता माणूस होतो. त्याला निष्कलंक करून मांडण्यात त्याचा सन्मान नाही. त्यात फक्त आपली सोय आहे.

योगायोग असा, की अंबर दख्खनमध्ये लढत होता त्याच वर्षांत आफ्रिकेत टिंबक्टूचे थोर विद्वान अहमद बाबा हयात होते. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने टिंबक्टू घेतले आणि अहमद बाबांना बंदी करून माराकेशला नेले. मुसलमान सुलतानाने मुसलमान आलिमाला बेड्या घातल्या. सुटका होऊन ते १६०८ मध्ये मायदेशी परतले. १६१५ मध्ये त्यांना विचारले गेले, की कोणत्या आफ्रिकी माणसांना गुलाम करणे वैध आहे? उत्तरादाखल त्यांनी एक प्रबंधच लिहिला. काळा रंग हे गुलामीचे कारण असूच शकत नाही आणि हामच्या वंशाला मिळालेल्या शापाची गोष्ट निराधार आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. जहांगीरचा चित्रकार बाण रंगवत होता त्याच सुमारास हे लिहिले गेले. पण गुलामीच मुळात अन्याय्य आहे, इथवर अहमद बाबाही गेले नाहीत. युद्धात पकडलेल्या गैरमुस्लिमांची गुलामी त्यांनी मान्यच केली. पुढचे पाऊल मागाहून येणाऱ्यांनी टाकायचे होते. ते टाकायला फार उशीर झाला. सौदी अरबस्तानात गुलामी कायद्याने बंद झाली ती १९६२ मध्ये. मॉरिटानियात १९८१ मध्ये, आणि तिथे तो शिक्षापात्र गुन्हा ठरायला २००७ साल उजाडावे लागले. कुरआनने गुलाम मुक्त करणे हे पुण्यकर्म ठरवले होते. आपण ते पुण्य किती शतके उधारीवर ठेवले, याचा हिशेब हजरत बिलाल यांच्या नावाचे जलसे करताना कधी मांडला जात नाही.

मेलेल्या माणसाचा किंवा बोलता न येणाऱ्या माणसाचा गौरव सोपा असतो, हे अमेरिकेने मुहम्मद अली यांच्या बाबतीत दाखवले. १९६७ मध्ये त्यांनी व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्यांचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले, पाच वर्षांची शिक्षा ठोठावली गेली, उमेदीची तीनहून अधिक वर्षे ते रिंगणाबाहेर राहिले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना कंपवाताने थरथरणारा त्यांचा हात साऱ्या जगाने पाहिला आणि लोकांचे डोळे ओले झाले. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. तोवर आजाराने त्यांचा आवाज जवळजवळ हिरावला होता. ज्या तोंडाने देशाला अडचणीचे प्रश्न विचारले होते ते तोंड थकल्यावर देशाला ते प्रिय झाले.

माल्कम एक्स यांच्या बाबतीत आपणही असेच काहीसे करतो. १९६४ मध्ये ते हजला गेले. गोऱ्या आणि काळ्या हाजींना एकाच ताटात जेवताना पाहून त्यांचे विचार बदलले आणि त्यांनी तसे पत्र लिहिले. ते पत्र आपण प्रशस्तिपत्रासारखे भिंतीवर लावून ठेवले आहे. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, २१ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांची हत्या झाली. हजमध्ये त्यांनी जे पाहिले ते खरेच होते. पण एहरामच्या दोन चादरींमध्ये जे दिसले ते एहराम उतरवल्यावरही दिसते का, हे तपासण्याची जबाबदारी त्यांची नव्हती. ती आपली आहे. त्यांचे पत्र हे आपल्याला मिळालेले प्रमाणपत्र मानण्याऐवजी आपल्यासमोर ठेवलेली मोजपट्टी मानले, तर ते आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

गौरव कसा करावा याचे एक उत्तम उदाहरण मराठीतच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. दूरदेशीच्या घटनेचे नुसते कौतुक करून ते थांबले नाहीत. आपल्या देशबांधवांनीही शूद्र-अतिशूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, असे त्यांनी तिथेच सांगून टाकले. अर्पणपत्रिकेतूनच त्यांनी वाचकाला काम दिले. पुढे शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले. तिथेही नाव घेणे म्हणजे एक जोखीम अंगावर घेणे होते. अमेरिकेत एके काळी गुलाम असलेल्या आई-वडिलांच्या पोटी जन्मलेले इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी सुरू केला. पुढे, १९७६ पासून, तो पूर्ण महिना झाला. वुडसन यांना हारतुरे नको होते. शाळेच्या पुस्तकांतून ज्यांना वगळले आहे ते पुस्तकांत यावेत आणि असा वेगळा आठवडा पाळण्याची गरजच उरू नये, ही त्यांची इच्छा होती.

मग आपल्यावर येणारे काम कोणते? ते फार दूर नाही. उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळच्या जंगलभागात सिद्दी राहतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे रक्त त्यांच्यातल्या अनेकांत आहे. त्यांची बोली आपल्या कानाला ओळखीची वाटावी अशी, कोकणी-मराठीच्या नात्यातली आहे. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गुजरातमध्ये गीरजवळच्या जांबूर गावच्या हिराबाई लोबी यांनी सिद्दी स्त्रियांना आपल्या पायावर उभे करण्यासाठी आयुष्य वेचले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अंबरच्या कबरीचे फोटो आपल्या विशेषांकांत छापले जातात. हिराबाईंचे नाव मात्र आपल्या किती घरांत ठाऊक आहे? जिवंत माणसाचा गौरव केला की तो उद्या दारात येऊन काही मागू शकतो, म्हणून तर आपण त्याला टाळत नाही ना?

काम घरातही आहे. आपल्या घरांत काळ्यासावळ्या मुलाला चेष्टेने ‘हबशी’ म्हटले जाते. त्याच घरात धाकट्याचे नाव बिलाल असते. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ आधी येते आणि ‘दीनदार’ नंतर. कुफूच्या चर्चेत हनफी आणि शाफई फिकहने वंशाचा विचार केला आहे, हे खरे. पण इमाम मालिक यांचा भर दीनदारीवर होता, हेही तितकेच खरे. आपल्या परंपरेत दोन्ही वाटा उपलब्ध असताना आपण दरवेळी सोयीची वाट निवडतो आणि तिलाच शरियत म्हणतो. कुरआनने भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही ईश्वराची निशाणी मानली आहे. ज्याला आपण निशाणी मानतो, तिच्यावरच आपण क्रीम चोळतो आहोत.

आणि त्या खोलीचे काय? आडनाव ऐकल्याबरोबर ‘खोली कालच गेली’ हे उत्तर शहराशहरांत आपल्या मुलांना ऐकावे लागते. त्या उत्तराचा अपमान काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्याला तेच उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा कमी आहे. शिवाय इथे एक जुने कर्जही आहे. इस्लामच्या अगदी सुरुवातीला, इ.स. ६१५ च्या सुमारास, मक्केत जगणे अशक्य झाले तेव्हा मुसलमानांची पहिली हिजरत मदिनेला झाली नव्हती. ती हबशाला झाली, आफ्रिकेत. तिथल्या ख्रिस्ती राजाने, नज्जाशीने, या परक्या, परधर्मी निर्वासितांना आसरा दिला. त्यांना परत न्यायला कुरैशचे वकील नजराणे घेऊन आले, तेव्हा राजाने नजराणे परत केले आणि पाहुणे ठेवून घेतले. त्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली. जगात मुसलमानाला पहिले छप्पर दिले ते एका काळ्या माणसाने.

हे छप्पर आपल्या मुलांना शिकवायला हवे. बिलाल नावाच्या मुलाला त्या नावामागची छातीवरच्या दगडाची गोष्ट सांगतोच, तशी हमामाची सांगावी, उम्मे ऐमनची सांगावी, बसऱ्याच्या दलदलीची सांगावी आणि अंबरला विकणाऱ्या बाजारांचीही सांगावी. त्या बाजारांत खरेदी करणारे आपलेच होते, हे गाळू नये. त्याला ‘सय्यद’ या शब्दाचा तो जुना अर्थ सांगावा, जो उमर यांना ठाऊक होता. मग एखाद्या दिवशी तो मुलगा विचारील, की नमाजला आपल्या शेजारी उभा राहणारा तो काळा मुलगा आपल्या वरच्या खोलीत का राहू शकत नाही? त्या प्रश्नाला द्यायला आपल्याकडे लाज वाटणार नाही असे उत्तर असले, म्हणजे हजरत बिलाल यांचा गौरव झाला असे समजावे.